गिरणीत झोपायचे पैसे

सुहासने पिशवीतून लोकरीचा एक गुंडा काढला, कट्ट्यावर ठेवला आणि म्हणाला, "ओळखा कुठला." जाडसर, करडा. बंड्याने उचलून हुंगला. "मेंढीचा."

सुहास दोन महिने मुलीकडे ग्लासगोला होता. तिथून जवळच, क्लाइड नदीच्या काठी न्यू लॅनार्क नावाचं गिरणीगाव आहे. तिथे हा आणि वहिनी एक रात्र राहून आले. पहिल्या नंबरच्या गिरणीत. १७८६ ची सूतगिरणी, दोन वर्षांत जळाली, १७८९ ला परत उभी केली आणि १९९८ पासून तिचं हॉटेल झालंय.

"जाड भिंती, ओळीने खिडक्या, रात्रभर नदीचा आवाज. झोप काय लागली सांगू!"

बस्स. लालबागच्या, म्हणजे मुंबईच्या जुन्या गिरणगावातल्या कट्ट्यावर हे बोलायचं नसतं.

"माझा बाप तीस वर्षं गिरणीत उभा होता," बंड्या म्हणाला. "तिसऱ्या पाळीत डोळा लागला तर जॉबर, म्हणजे मुकादम, शिव्या घालायचा. आणि तू पैसे मोजून गिरणीत झोपून आलास?"

"अरे, ती गिरणी वेगळी होती. रॉबर्ट ओवेनची!"

आप्पांना एवढं नाव पुरलं. पस्तीस वर्षं इतिहास शिकवलाय. ओवेनने १८०० साली गिरण्या हातात घेतल्या, दहा वर्षांखालच्या पोरांना कामावर घेणं थांबवलं, १८१६ पर्यंत दिवस पावणेअकरा तासांवर आणला, गावात शाळा काढली. अमेरिकेने माल पाठवणं बंद केलं तेव्हा चार महिने गिरण्या बंद होत्या, पण यंत्रं पुसून ठेवायच्या कामावर सगळ्यांना पूर्ण पगार. "आणि आपल्याकडे रविवारची सुट्टी मिळायला १८९० उजाडलं. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे नसते तर तीही नसती."

"चार महिने पूर्ण पगार?" बंड्याने परत विचारलं. ब्याऐंशीच्या गिरणी संपात त्याच्या घरातली भांडी आधी गेली, मग आईच्या पाटल्या. त्यामुळे यावर कोणी विनोद केला नाही.

पण सुहासला थांबायचं कळत नाही. त्याने मंग्याच्या खिशातली काडेपेटी घेऊन उभी केली. म्हणे, प्रत्येक कामगाराच्या जागेपाशी असा लाकडी ठोकळा टांगलेला असायचा. चार बाजू, चार रंग: काळा, निळा, पिवळा, पांढरा. काल काम वाईट केलंत तर आज काळी बाजू समोर. उत्तम केलंत तर पांढरी. मारझोड नाही, दंड नाही.

"म्हणजे सीसीटीव्हीच की," मंग्या म्हणाला. "आमच्या ऑफिसात स्क्रीनवर हिरवं-लाल दिसतं, तेच." मंग्याचं ऑफिस एका जुन्या गिरणीच्याच आवारात आहे, हे त्याचं त्यालाच बोलल्यावर आठवलं.

मी मध्येच विचारलं, कापूस कुठून यायचा? आप्पांनी चष्मा काढून पुसला. अमेरिकेतून, वेस्ट इंडीजमधून. गुलामांनी वेचलेला. गिरणी काढणारा डेव्हिड डेल तर ग्लासगोत गुलामगिरीविरोधी सभेचा अध्यक्ष होता, तरी कापूस तोच. "पांढरी बाजू समोर ठेवून," बंड्या म्हणाला.

मग वाद मूळ पदावर आला. मंग्याचं म्हणणं, आपल्याकडेही फिनिक्स मिलचा मॉल करताना चिमणी ठेवली, नाव ठेवलं, मग तक्रार काय? सुहास म्हणाला, फरक आहे. न्यू लॅनार्कच्या गिरण्या १९६८ ला बंद पडल्या, पुढे तिथे धातूच्या भंगाराचा धंदा आला, छपरं गळायला लागली, शेवटी १९८३ मध्ये सक्तीने खरेदी करून जागा सोडवावी लागली. आज हॉटेल गाव सांभाळणाऱ्या ट्रस्टचं आहे. शिवाय कामगारांच्या जुन्या घरांत आजही माणसं भाड्याने राहतात, दोऱ्यांवर कपडे वाळतात.

"मग हे आधी सांग ना! पलंगाचं काय सांगत बसलास?"

आप्पांनी हिशोब मांडला. मुंबईतला १९९१ चा नियम: गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला, उरलेला मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला, वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीची. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच मान्य केलं. म्हणजे जिथे शेड उभी होती ती जमीन वाटपातून गेली. बंड्याने बापाच्या नावावर म्हाडाच्या सोडतीचा अर्ज भरलाय. त्यावर तो काही बोलला नाही, फक्त चहा सांगितला.

मला विचाराल तर इमारत वाचली याचा मला आनंद आहे. भंगारात जाण्यापेक्षा हॉटेल बरं. पण तिथे मला झोप लागली असती असं वाटत नाही.

उठता उठता सुहास म्हणाला, गिरणीची घंटा अजून आहे, पण वर्षातून एकदाच वाजते, ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री.

"आणि आमचा भोंगा?" बंड्याने विचारलं. "तो कधी वाजवायचा?"

लोकरीचा गुंडा मात्र बंड्या घेऊन गेला. तिथल्याच गिरणीत जुन्या यंत्रावर आजही कातलेली लोकर, म्हणून आईला दाखवायला. म्हातारी वाइंडिंग खात्यात होती, आता नव्वदीला टेकलीय, दिसत फारसं नाही. रात्री त्याचा मेसेज आला: "आईने दोन बोटांत धरून हातभर ओढला. म्हणाली, पीळ कमी आहे."