गाडी पन्हाळ्याला का नेली, त्याबद्दल

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री जेवताना मुलीनं वाचून दाखवला. एक स्टार. तुम्ही लिहिलंय, साधी कूलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची) गळती काढायला गाडी तीन दिवस ठेवून घेतली, आधी होजचे (कूलंटच्या रबरी नळीचे) आणि मग रेडिएटरचे असे दोनदा पैसे घेतले, वर ‘ट्रायलच्या नावाखाली पन्हाळा फिरून आले’. गाडीविना तुमची अडचण झाली, आईंना दवाखान्यात रिक्षानं न्यावं लागलं, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. ट्रायलला निघायच्या आधी तुम्हाला फोन करायला पाहिजे होता, तो केला नाही. ही चूक माझीच.

पण पन्हाळ्याचं तेवढं मनाला लागलं. उद्यमनगरात २२ वर्षं गॅरेज चालवतोय. गिऱ्हाइकाची गाडी घेऊन मी कधी नाक्यावर चहालासुद्धा गेलेलो नाही. तुम्ही मीटरचा फोटो टाकलाय, ४२ किलोमीटर जादा पडलेत. पडलेत, नाही म्हणत नाही. ते का पडले, एवढं सांगू द्या.

मंगळवारी संध्याकाळी सहाला तुम्ही गगनबावड्याहून थेट आमच्याकडं आलात, तेव्हा तापमानाचा काटा लालच्या तोंडाशी होता. तुम्ही म्हणालात, रेडिएटरचं झाकण उघडून बघा. मी नाही उघडलं. इंजिन तापलेलं असताना आत दाब असतो, झाकण सैल केलं की उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. माझ्याच एका पोराचा हात असा भाजलाय. म्हणून सकाळपर्यंत थांबा म्हटलं. तुमच्या तीन दिवसांतला पहिला दिवस हा असा, एका संध्याकाळचा.

बुधवारी सकाळी गार इंजिनवर हातपंप लावून एक बार दाब भरला. वरच्या होजमधून, थर्मोस्टॅटच्या तोंडाशी, थेंब पडायला लागले. होज दाबून बघितला तर कडेला बारीक चिरा, क्लिपखाली वाळलेल्या कूलंटची पांढरट खपली. तो बदलला, क्लिपा नव्या टाकल्या, परत दाब भरला. वीस मिनिटं पंपाचा काटा जागचा हलला नाही. हेड गॅस्केटची (इंजिनचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधल्या पॅकिंगची) शंका नको म्हणून निळ्या पाण्याची टेस्टही केली. इंजिनचा गॅस कूलंटमध्ये येत असता तर त्याचा रंग बदलला असता, निळंच राहिलं. त्याच वेळी तुम्हाला ‘हेड खोलावं लागेल’ म्हणून घाबरवलं असतं तर बिल कुठल्या कुठं गेलं असतं. तसलं काम आम्ही करत नाही.

मग गाडी तेव्हाच का दिली नाही? कूलंटच्या बाटलीतला रंग मला पटत नव्हता. कूलंट गुलाबी असायला पाहिजे होतं, तळाशी तांबूस पिवळा गाळ होता. बोअरचं पाणी घालून गंज धरला असेल असं मी धरून चाललो, आणि तिथं मी चुकलो, हे कबूल करतो. पण मन खात होतं. उभ्या गाडीत एसी लावला, फॅन दोनदा चालू होऊन बंद झाला, सगळं ठीक. तुमची गाडी मात्र घाटात तापली होती. सपाट रस्त्यावर रेडिएटरला तेवढा ताण येतच नाही. कोल्हापुरातून जवळची दमदार चढण म्हणजे वाघबीळ ते पन्हाळा. म्हणून शिवाजी पूल, केर्ली, वाघबीळ करत एसी लावून वर गेलो आणि नाक्याच्या अलीकडूनच गाडी वळवली. वर गावात गेलो नाही, झुणका-भाकर खाल्ली नाही. येताना माझ्या खिशातून ३०० रुपयांचं डिझेल टाकलं, ते बिलात लावलेलं नाही.

परत आलो तेव्हा बाटलीतली पातळी दोन बोटं खाली गेलेली. टॉर्च लावून बघितलं तर रेडिएटरच्या डाव्या बाजूला, प्लॅस्टिकची टाकी ॲल्युमिनियमच्या जाळीला दाबून बसवलेली असते त्या शिवणीवर, ओल धरलेली. बोटाला ओल लावून घासली तर नखाखाली पिवळा डाग. साबणानं जाईना, रॉकेलनं जाईना. वास घेतला आणि कळलं, हळद!

गुरुवारी सकाळी तुमच्या पाहुण्यांनी सांगितलं की घाटात गाडी तापली तेव्हा टपरीवरून पुडी आणून रेडिएटरमध्ये ओतली होती. साहेब, रस्त्यात अडकल्यावर माणूस हातात येईल ते करतो, त्याला दोष नाही. जुने ड्रायव्हर करायचेच. पण गाडी देताना तुम्ही दोघंही त्यातलं एक अक्षर बोलला नाहीत. हळद फुगून त्या भेगेत बसली होती, म्हणून गार इंजिनवर दाब टिकला. तापून शिवण फाकली तेव्हाच ती सुटली. मंगळवारीच सांगितलं असतं तर बुधवारी सकाळीच रेडिएटर खाली उतरवला असता, आणि पन्हाळ्याला जायची वेळच आली नसती.

पैसे दोनदा घेतले, कारण बिघाड दोन होते. होज फुटायच्या बेतातच होता, तो तसाच ठेवून नवा रेडिएटर बसवणं मला जमलं नसतं. पितळी रेडिएटर असता तर झाळून दिला असता. प्लॅस्टिकच्या टाकीला ते चालत नाही, त्यात जाळीच्या बारीक नळ्यांत हळद जाऊन बसलेली. पार्ट पुण्याहून शुक्रवारी सकाळी आला. तीनदा फ्लश करून (आतून धुऊन), अर्धं कूलंट अर्धं डिस्टिल्ड पाणी भरून, हवा काढून दुपारी दीडला गाडी दिली. प्रेशर टेस्टचे आणि फ्लशचे पैसे लावलेले नाहीत, बिल परत एकदा बघा.

तुमचा रिव्ह्यू वाचून एका जुन्या गिऱ्हाइकानं सर्व्हिसिंगची तारीख रद्द केली. माझ्याकडं तीन पोरं काम करतात, त्यांची घरं यावर आहेत. स्टार वाढवा असं म्हणत नाही, फक्त ‘फिरून आले’ एवढं काढता आलं तर बघा.

इथून पुढं ट्रायलआधी फोन करू, जाता-येताचा मीटर जॉबकार्डवर लिहू. बाकीही काय सुधारता येईल ते बघतोय.

जुना होज आणि रेडिएटर पोत्यात बांधून ठेवलाय, तुमचा आहे, न्यायचा राहिला. त्याच वेळी बाटलीतली पातळी बघून देतो. सकाळी गाडी गार असताना या.

आपला,
गॅरेजमालक, उद्यमनगर, कोल्हापूर