‘स्पष्टवक्ता’ यांस: गप्प कोण बसलं होतं?

स्पष्टवक्तासाहेब,

टोपणनावाआड बसून स्पष्ट बोलायची सोय बरी आहे. स्किझोफ्रेनियात शॉक (म्हणजे ईसीटी) आणि क्लोझापिन हे औषध एकत्र देण्यावरच्या माझ्या लेखावर तुमचे तीन आक्षेप: अभ्यास अगदीच लहान, आठवणी जातात, आणि ‘एकूण काय, भावाला शॉक देऊन गप्प बसवलंत, वर लेख लिहिलात.’

पहिलं मान्य. २०१५ साली छापून आलेला तो अमेरिकेतला अभ्यास ३९ जणांचाच. नुसत्या क्लोझापिनवरच्या १९ जणांत कुणालाच गुण आला नाही, जोडीला ईसीटी घेतलेल्या २० पैकी १० जणांना आला. मी ‘निम्म्या पेशंटना’ लिहून मोकळा झालो. आकडा द्यायला हवा होता. झालं समाधान?

आता ‘गप्प बसवलंत’. अहो, आमच्यापुरता तो गप्पच होता! विश्रामबागेतल्या घरात चार वर्षं तो पंख्याशी बोलायचा. पंखा बंद केला की आवाज भिंतीत शिरायचे. रिस्पेरिडोन झालं, ओलान्झापिन झालं, मग क्लोझापिन. त्यानं पांढऱ्या पेशी घसरू शकतात, म्हणून पहिले १८ आठवडे दर सोमवारी मी त्याला सीबीसीला, म्हणजे रक्ततपासणीला, नेलं. रात्री लाळेनं उशी भिजायची, आई खाली टॉवेल घालायची. त्या लॅबच्या रांगेत तुम्ही कधी दिसला नाहीत.

आणि शॉक म्हटलं की तुम्हाला सिनेमातलं किंचाळणं आठवतं, दुसरं काय! भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी द्यायला २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं बंदी आहे. मिरजेला डॉक्टरांनी मला एकदा दारातून बघू दिलं. पायाचा अंगठा थरथरला, बस. सातव्या खेपेनंतर सांगलीला परतताना रिक्षात मी भडंगाची पुडी पुढं केली. एक घास खाऊन म्हणाला, ‘दादा, सादळलंय.’ चार वर्षांत आपणहून माझ्याशी काढलेलं पहिलं वाक्य, तेही तक्रारीचं. याला तुम्ही गप्प बसवणं म्हणता? जिभेला काही हाड?

राहिल्या आठवणी. शॉक चालू होते त्याच दीड महिन्यात बहिणीचं लग्न झालं, ते त्याला आठवत नाही. अल्बम आहे घरात. त्यावर वाद घालायला मला वेळ नाही.

पुढची कॉमेंट नावानिशी टाका. सीबीसी आता महिन्यातून एकदाच असते. येत्या सोमवारी आहे, सकाळी सातला रांग लागते. यायचं तर या.