व्यायामाची शंका आहे? मग रंकाळ्यावर या

व्यायाम चालू केला की अंग दुखायच्या आधी शंका यायला लागतात. सकाळी चालू का संध्याकाळी, केळं जिमच्या आधी खाऊ का नंतर, पोट नेमकं कशानं जाईल. पण भावा, कोल्हापुरात उत्तर शोधत फिरावं लागत नाही, इथं उत्तरंच माणूस शोधत फिरत असतात.

पहिलं म्हणजे सांगणाऱ्याचा आवाज बघायचा. "बघावं लागेल", "तुमच्या वयावर आहे" असलं कुणी बोललं की तिथनं सटकायचं, ज्याला स्वतःलाच खात्री नाही तो तुम्हाला काय सांगणार. त्यापेक्षा रंकाळ्याच्या कठड्यावर सकाळी सहाला बसलेले (बसलेले, चालणारे नव्हेत, चालणाऱ्याला बोलायला दम कुठला) काका गाठा. ते सांगतील, रोज १०,००० पावलं, त्याच्या खाली चाललास तर चाललाच नाहीस. हा आकडा आला कुठनं ते विचारू नका, कारण १९६५ साली जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विकायला काढलं आणि त्याचं नावच १०,००० पावलांवरनं ठेवलं, तिथनं तो सुटला तो थेट आपल्या रंकाळ्यावर. जागतिक आरोग्य संघटना म्हणते आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं जरा धाप लागेल असा व्यायाम आणि किमान दोन दिवस ताकदीचा. पण ते फुकट आहे आणि सगळ्या जगाला सारखंच सांगितलंय, त्यात आपली काय शान राहिली.

मग येतो खुराक. इथं तालमीचा दाखला काढायचा, त्यापुढं कुणी बोलत नाही. शाहू महाराजांचं खासबाग मैदान, राजाराम कॉलेजात शिकलेल्या खाशाबा जाधवांचं १९५२ सालचं हेलसिंकीचं कांस्यपदक, हे सगळं एका दमात सांगायचं आणि लगेच गंगावेशीत जाऊन म्हशीची समोर धार काढलेल्या दुधाचा मोठा ग्लास मारायचा, वर बदामाची थंडाई, दुपारी मटण. पैलवान पहाटे उठून माती उकरतो, शेकड्यानं जोर-बैठका मारतो, लढती करतो, तेवढा भाग सोडून द्या. बैठक काय आपली पण असतीच की, दिवसाला आठ तास, खुर्चीत.

जिम लावली असेल तर प्रोटीनचा डबा लागतो का, हे डबा विकणाऱ्यालाच विचारायचं. इतकं सरळ उत्तर दुसरीकडं मिळत नाही. आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, २०२० साली सांगितलंय की साध्या माणसाला वजनाच्या दर किलोमागं दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ५८ ग्रॅम, आणि ते डाळ, उसळ, अंडी, दूध यातनं जमतं. पण उसळीच्या पातेल्यावर दंड फुगवलेल्या माणसाचा फोटो असतो का? नाही ना, मग संपला विषय. पोटाला पट्टा बांधून घाम काढणाऱ्यांना तर मी काहीच म्हणत नाही, घाम म्हणजे पाणी, तांब्याभर प्यायलं की वजन परत जागेवर.

(छातीत दाबल्यागत झालं, डावा हात भरून आला तर मात्र हे वाचणं बंद करा आणि दवाखाना गाठा. तिथं चेष्टा नाही.)

माझंच सांगतो. गेल्या पावसाळ्यात उजवा गुडघा जिना उतरताना दुखायला लागला. एक म्हणाला जिनं चढ, दुसरा म्हणाला जिन्याकडं बघू नको, तिसरा म्हणाला लॅक्टिक ॲसिड साठलंय, आता ते व्यायाम थांबवल्यावर तासा-दीड तासात निघून जातं आणि माझा गुडघा तीन आठवडे दुखत होता, पण तो इतक्या जोरात म्हणाला की मलाच पटलं. शेवटी बायकोनं एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडं नेलं. वाईट अनुभव. बाईंनी उत्तर द्यायचं सोडून वीस मिनिटं मलाच प्रश्न विचारले. वय काय, शुगर आहे का, दिवसभर काय करता, व्यायाम एकदम किती वाढवला. मग एका पायावर उभं करून हळूहळू स्टुलावर बसायला लावलं, गुडघा आत वळतोय ते बोटानं दाखवलं, बूट उलटा करून झिजलेली टाच बघितली. आणि एवढं करून निघालं काय, तर मांडीचे आणि कमरेखालचे स्नायू कमजोर आहेत, सहा आठवडे हे तीन व्यायाम करा, हळूहळू वाढवा. फी भरून माणसाला 'हळूहळू' ऐकायला लागतं, सांगा आता.

केले मी ते व्यायाम. दहा दिवस. मग दुखायचं जरा कमी झालं, म्हणून बंद केले.

परवा रविवारी रंकाळ्यावर कठड्यावर टेकलो होतो, गुडघ्याला निळा पट्टा. एक नवीन पोरगं आलं, म्हणालं, काका, चालताना गुडघा दुखतोय, काय करू? मी म्हणालो, तिळाचं तेल लाव आणि १०,०००च्या खाली यायचं नाही. ते पुढं काहीतरी सांगत होतं, गाडीवरनं पडलो होतो असं काहीतरी, पण तोवर माझं सांगून झालं होतं.