प्रिंटर समोर, पत्ता गायब

राजेहो, आज डोस्क्याचा पार भुगा झाला. प्रिंटर माह्यापासून चार हातावर हाये, त्याचा हिरवा लाइट मले दिसते, कागद म्या सोताच्या हातानं भरला, आन कॉम्प्युटर म्हणते प्रिंटर ऑफलाइन. अबे मंग हा टेबलावर कोण बसून हाये?

जून महिना, पेरणी तोंडावर, पीककर्जासाठी सातबारा न आठ-अ पायजे म्हणून सकाळपासून माह्या सेवा केंद्रासमोर गर्दी. त्यात लाईन गेली. इकडे लाईन जाणं काही नवीन नाई, पंधरा मिनिटांनी आली, पण राउटर नव्यानं सुरू झाला आन त्यानं प्रिंटरले दुसराच आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, चिकटवून देल्ला. कालपर्यंत १९२.१६८.१.७ होता. कॉम्प्युटर बसलं त्याच जुन्या पत्त्यावर हाका मारत. डिजिटल सातबाऱ्याचे १५ रुपये कटले, पीडीएफ स्क्रीनवर आली, कागद काही येईना.

बरं, नवा पत्ता पाहाचा कुठी? प्रिंटरवर राइट क्लिक करा तं तीन नावं, प्रिंटिंग प्रेफरन्सेस, प्रिंटर प्रॉपर्टीज आन सगळ्यात खाली नुसतं प्रॉपर्टीज, हे ज्यानं ठेवलं त्याले माह्या खुर्चीत एक दिवस बसवा ना भाऊ. मधलं उघडलं, पोर्ट्समध्ये, म्हणजे कॉम्प्युटर कोणत्या वाटेनं प्रिंटरले काम धाडते तिथं गेलो, तिथं पत्ता असाले पायजे तं डब्ल्यूएसडी (विंडोजची प्रिंटर आपोआप हुडकाची पद्धत) आन त्याच्यापुढं हातभर आकडे-अक्षरं. डब्ल्यूएसडी पोर्ट असला का तिथं आयपी दिसतच नाई. तो दिसते खालच्या नुसत्या प्रॉपर्टीजमध्ये, वेब सर्व्हिसेसच्या टॅबवर, हे मले संध्याकाळी समजलं, तवर माणसं घरी गेल्ती.

दुपारी हेल्पलाइनले फोन लावला, वीस मिनिटं गाणं ऐकवलं आन मंग पोरगा म्हणते, "सर, ब्राउझरमध्ये प्रिंटरचा आयपी टाका, जे पेज उघडेल त्यावर आयपी दिसेल." म्हणलं दादा, आयपी असता तं तुले कायले फोन केला असता!

मंग कमांडच्या काळ्या खिडकीत एआरपी मायनस ए मारलं, म्हणजे नेटवर्कवरच्या मशिनींचे पत्ते दाखवणारी कमांड. पंधरा-सोळा पत्ते! वायफायचा पासवर्ड म्या अर्ध्या गावाले देऊन ठेवला ना, चूक माहीच, आता त्यातला प्रिंटर कोणता आन सरपंचाच्या पोराचा मोबाइल कोणता कसं ओळखाव? एकेक आकडा ब्राउझरमध्ये टाकत बसलो. तेवढ्यात बाकड्यावरची आजी म्हणते, "काऊन रे बाबू, मशीन बिघडली का?"

"नाई आजी, तिचा पत्ता सापडून नाई राह्यला."

आजीनं प्रिंटरकडं बोट केलं. "मंग हे काय होय?"

सांगा, काय बोलाव!

शेवटी वैतागून प्रिंटरचंच बटन दाबून धरलं तं त्यानं खर्रकन सोताच्या माहितीचा कागद काढला. सातबारा निघत नाई, सोताची कुंडली बरोबर निघते. त्यावर लिहेल, १९२.१६८.१.१२. तो आकडा घेऊन टीसीपी/आयपी पोर्ट, म्हणजे थेट आयपीवर जाणारी वाट, हातानं बनवला आन धडाधड सगळ्या प्रिंटा निघाल्या. आजीचा सातबारा पयला देल्ला.

आता पुन्हा लाईन गेली का पुन्हा हाच धिंगाणा. भाचा म्हणते, मामा, राउटरमध्ये जाऊन त्या प्रिंटरच्या मॅक अ‍ॅड्रेसवर, म्हणजे मशिनीच्या कायमच्या नंबरावर, एकच आयपी रिझर्व्ह करून टाका, मंग तो हलत नाई. मलेही पटलं. पण राउटरमध्ये जाले पासवर्ड लागते, खालच्या स्टिकरवरचा चालत नाई, वायफाय जोडणाऱ्यानं बदलून ठेवला. त्याले दुपारपासून सात फोन केले. घरचे म्हणते तो साळ्याच्या हळदीले गेला, डीजेत फोन ऐकू येत नसन.