दीडपट वेगाचा बाँड

डोकं तापलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार आहे. घाई असेल त्यांनी आत्ताच पुढे सरका. नाहीतरी आजचा राग घाईवाल्यांवरच आहे.

सध्या जुने बाँडपट परत बघतेय. डिस्कवर, क्रमाने, एकही न गाळता. आज 'द स्पाय हू लव्ह्ड मी'ची पाळी होती. भाचा शेजारी येऊन बसला, मला बरं वाटलं. सुरुवातीचा बर्फातला पाठलाग. पिवळ्या सूटमधला रॉजर मूर स्कीवरून सुसाट, मागे बंदूकवाले, संगीत जोरात. कड्याचं टोक येतं, तो सरळ हवेत, आणि संगीत बंद. माणूस ठिपक्याएवढा होऊन खाली चाललाय, जवळपास शांतता. आणि इथे या पठ्ठ्याने रिमोट उचलून सीन पुढे पळवला!

का? तर, "मावशी, आवाज गेला ना, मला वाटलं डिस्क अडकली. आणि तसंही काही होत नव्हतं."

काही होत नव्हतं!!

अरे, तो माणूस खरोखर पडत होता. रिक सिल्व्हेस्टर त्याचं नाव. कॅनडातल्या बॅफिन बेटावर माउंट अस्गार्ड नावाचा डोंगर आहे, त्याच्या कड्यावरून. धड हवामान मिळेपर्यंत सगळी मंडळी ताटकळत बसलेली. कॅमेरे अनेक लावलेले, पण नेमक्या क्षणी तो नीट सापडला एकाच कॅमेऱ्यात. सुटलेली एक स्की उघडणाऱ्या पॅराशूटला चाटून जाते, ते पडद्यावर दिसतं, डिस्क थांबवून बघा. पॅराशूट गुंतलं असतं तर? १९७६ साली हे चित्रित झालं, कॉम्प्युटरवर पुसापुशी करायची सोय नव्हती. आणि मग ब्रिटिश झेंड्याचं ते पॅराशूट उघडतं आणि बाँडची धून फुटते. आधीची शांतता पळवलीत तर त्या धुनेला काय अर्थ राहिला? नुसता बँडबाजा.

मग चौकशी केल्यावर कळलं की साहेबांनी शॉन कॉनरीचे सगळे सिनेमे आधीच 'संपवलेत'. फोनवर. दीडपट वेगाने. टायटल्स आली की स्किप. मॉरिस बाइंडर नावाच्या माणसाने उभी हयात ज्यात घातली, ती टायटल्स स्किप! "स्टोरी कळली मला." बाळा, बाँडची स्टोरी कोणाला हवी असते? एका वेड्याला जग बुडवायचंय, दुसरा ते होऊ देत नाही. झाली स्टोरी.

यावरून आमच्या बाबांची गोष्ट सांगायलाच हवी. लहानपणी भाड्याच्या कॅसेटवर 'थंडरबॉल' बघत होतो. जुगाराच्या टेबलावर बाँड कोणाला तरी टोमणे मारतोय आणि समोर कोणीच नाही, पडद्याच्या कडेला नुसतं अर्धं नाक. मी विचारलं, "बाबा, हा कोणाशी बोलतोय?" बाबा पेपरमधून मान वर न करता म्हणाले, "हेर आहे तो. आपल्याला न दिसणाऱ्या माणसांशी बोलणं हेच त्याचं काम." मला ते शंभर टक्के पटलं. मी शाळेत मैत्रिणींनाही ही माहिती पुरवली.

मोठेपणी कळलं की ती न दिसणारी माणसं कॅसेट बनवणाऱ्यांनी छाटली होती. १९६५चा 'थंडरबॉल' हा रुंद पडद्यावरचा पहिला बाँडपट. उंचीच्या सव्वादोनपटीहून जास्त रुंद चित्र, आणि घरचा टीव्ही जवळजवळ चौकोनी. मग काय, कडा कापा. शंभरातलं चाळीस टक्क्यांहून जास्त चित्र कचऱ्यात! पहिले तीन सिनेमे इतके रुंद नव्हते, म्हणून 'गोल्डफिंगर' कॅसेटवरही धड दिसायचा. या रुंदीपायी सुरुवातीचा तो बंदुकीच्या नळीतला शॉटही नव्याने घ्यावा लागला. पहिल्या तिन्ही सिनेमांत वळून गोळी झाडणारा माणूस कॉनरी नव्हेच, तो बॉब सिमन्स हा स्टंटवाला. थंडरबॉलपासून तिथे खुद्द कॉनरी आला. दीडपट वेगात हे दिसतं का कोणाला?

परवा डिस्कवर तोच टेबलाचा सीन लागला आणि बाबांचा हेर ज्याच्याशी बोलत होता तो खलनायक लार्गो चक्क पूर्ण दिसला. डोळ्यावर पट्टी बांधलेला, धडधाकट माणूस. इतकी वर्षं बिचारा तिथेच बसून होता! मी एकटीच हसत सुटले.

आणि केन अ‍ॅडम! त्याचे सेट कापलेल्या चित्रात बघणं हा गुन्हा आहे. 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस'मधला ज्वालामुखीच्या पोटातला अड्डा त्याने पाइनवुड स्टुडिओत खराखुरा उभारला, साधारण दहा लाख डॉलर घालून. म्हणजे पाच वर्षांपूर्वी ज्या पैशात अख्खा 'डॉक्टर नो' झाला, जवळपास तेवढे. पण मला विचाराल तर त्याची कमाल डॉक्टर नोमधल्या त्या जवळजवळ रिकाम्या खोलीत आहे. डॉक्टर नोचा हस्तक प्रोफेसर डेंट आत येतो. छताला मोठी गोल जाळी, तिची सावली भिंतीवर आणि जमिनीवर तिरपी पडलेली. एक खुर्ची, आणि टेबलावर पिंजऱ्यात कोळी. बस. डॉक्टर नो दिसतच नाही, नुसता आवाज येतो, आणि डेंटचा घसा कोरडा पडतो. आपलाही. या खोलीला दीडपट वेगाने कसं घाबरायचं, मला कोणीतरी शिकवा.

'जुने सिनेमे स्लो' म्हणणाऱ्यांचा तर मला आता कंटाळा आलाय. हेच सिनेमे आले तेव्हा भलतेच वेगवान वाटायचे. पीटर हंट नावाचा एडिटर माणूस दारातून आत येण्याची वाट न बघता थेट पुढच्या कृतीवर उडी मारायचा. 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'मधली आगगाडीच्या डब्यातली मारामारी बघा, कॉनरी आणि रॉबर्ट शॉ. अंगावर येते, आणि त्या मारामारीला पार्श्वसंगीत नाही. नुसती गाडीची धडधड आणि दोन माणसांचे श्वास. साठ वर्षं उलटली, आजही तिच्यापुढे बऱ्याच मारामाऱ्या लुटुपुटूच्या वाटतात.

हो, माहितीये, सगळं काही सोनं नाही. गोल्डफिंगरमधला गोठ्यातला प्रसंग आज बघताना किळस येते, आणि 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस'मध्ये जपानी दिसावा म्हणून कॉनरीला केलेला तो मेकअप बघून तोंड लपवावंसं वाटतं. 'ऑक्टोपसी'त उदयपूरला येऊन पुंगीवर बाँडची धून वाजवली आणि विजय अमृतराजला टेनिसच्या रॅकेटने गुंडांना बडवायला लावलं, त्याबद्दल तर मी वेगळी पोस्ट लिहीन. आणि 'द मॅन विथ द गोल्डन गन'! थायलंडमध्ये मोडक्या पुलावरून गाडी हवेत पूर्ण गिरकी घेऊन पलीकडे चाकांवर उतरते. कॉम्प्युटरवर गणित मांडलेला खरा स्टंट, पहिल्याच टेकमध्ये जमलेला. आणि त्यावर शिट्टी! सर्कशीतल्या विदूषकासारखी! संगीतकार जॉन बॅरीला स्वतःलाच पुढे त्याचा पस्तावा झाला. तिथे आवाज बंद करायची मी सर्वांना परवानगी देते. पळवायची नाही.

डिस्कवाल्यांशीही माझं सगळं जमतं असं नाही. जॉन लोरीच्या लोकांनी मूळ निगेटिव्हवरून एकेक फ्रेम साफ केली, ते उपकारच आहेत. काही ठिकाणी रंग बदलल्याची तक्रार जाणकार करतात, असेल तसं, पण ज्याने अर्धं नाक बघितलंय त्याने रंगाबद्दल किती कुरकुरावं?

आता गंमत ऐका. मी एवढ्या कौतुकाने बाबांना बोलावलं, मोठा टीव्ही, पूर्ण रुंद चित्र, म्हटलं या, तुमच्या न दिसणाऱ्या माणसाला भेटा. बाबांनी पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "वर-खाली या काळ्या पट्ट्या कसल्या? एवढा मोठा टीव्ही घेऊन चित्र एवढंसंच?" समजावून सांगितलं. "मग ते झूम की काय असतं ते कर ना." म्हणजे परत कडा कापायच्या! यांच्यावर ओरडताही येत नाही. शेवटी पट्ट्यांसकट बघितला त्यांनी, पूर्ण, साध्या वेगाने. मधे डुलकी काढली, पण रिमोटला हात लावला नाही. भाच्याने निदान एवढं तरी शिकावं. (त्याला या पोस्टमध्ये टॅग केलंय. वाच. सगळं.)

आणि 'डॅनियल क्रेगच बेस्ट' म्हणायला जे कॉमेंटमध्ये येणार आहेत त्यांनी या, स्वागत आहे, क्रेग मलाही आवडतो. पण 'नो टाइम टू डाय'ला थिएटरमध्ये मुसमुसून रडलात ना? त्यातलं लुई आर्मस्ट्राँगचं गाणं १९६९च्या 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस'मधलं आहे. जॉर्ज लेझनबीचा एकुलता एक बाँड, ज्याला लोक अजून नावं ठेवतात. दिग्दर्शक तोच पीटर हंट. आयुष्यभर फटाफट कात्री चालवणारा माणूस, पण शेवटी बाँडची नवी नवरी, म्हणजे डायना रिग, गाडीत गतप्राण होते तिथे त्याने मुळीच घाई केलेली नाही. लेझनबी तिला कवटाळून बसतो, पोलिसाला सांगतो की ती जरा आराम करतेय, आणि मग काचेवरचं गोळीचं भोक. आधी तो बघा. पूर्ण, पट्ट्यांसकट. मग या भांडायला.