पॅकेज आधी, तपासणी नंतर

मूल होत नसेल तर सोलापुरात उपचारकेंद्र निवडणे अगदी सोपे आहे. सात रस्त्यापासून होटगी रस्त्यापर्यंत एक फेरी मारावी आणि ज्या फलकावरील बाळ सर्वांत गुटगुटीत दिसेल तेथे नाव नोंदवावे. (ते बाळ आपल्याकडच्या उन्हात कधीच फिरलेले नसावे, इतके ते गोरे असते.)

फलकावर यशाची टक्केवारीही असते. ती कशाची, हे विचारू नये. रक्तचाचणीत गर्भधारणा दिसणे हेही यश आणि बाळ कुशीत येणे हेही यशच. शिवाय पंचविशीतील स्त्रियांचा आकडा चाळिशीतील बाईला दाखवला की तिला केवढा धीर येतो!

2021 च्या कायद्याने अशा केंद्रांना नोंदणी सक्तीची आहे आणि पहिल्या स्तराच्या केंद्राला केवळ आययूआय (शुक्राणू नळीने थेट गर्भाशयात सोडणे) करता येते, आयव्हीएफ (शरीराबाहेर गर्भ तयार करून गर्भाशयात ठेवणे) नाही, हा तपशील आपण विसरून जावा.

इक्सी म्हणजे एकच शुक्राणू सुईने स्त्रीबीजात सोडणे. शुक्राणू फार कमी किंवा दुर्बळ असतील तेव्हा ती खरी उपयोगी पडते, पण महाग आहे म्हणजे चांगलीच असणार.

आता मुख्य नियम. तपासणी नेहमी बायकोचीच करावी. माझी थायरॉइडची चाचणी झाली, स्त्रीबीजांचा साठा किती उरला हे सांगणारी ए.एम.एच. झाली, सोनोग्राफी तर किती झाल्या ते मी मोजणे सोडले. नळ्या मोकळ्या आहेत का हे पाहण्यासाठी गर्भाशयात औषध सोडून एक्स-रे काढला, तेव्हा टेबलाची कड धरून मी ओरडले. हे सारे चौदा महिने चालले होते आणि त्या काळात आमचे हे, ज्यांच्या तपासणीला ना सुई लागते ना भूल, फक्त दोन ते सात दिवसांचा संयम आणि काहीशे रुपये लागतात, ते बाहेरच्या बाकावर मोबाइल पाहत बसत. "मला काय झालंय? मी तर रोज तालमीत जातो," असे ते म्हणत. सासूबाईंचे म्हणणे, "आमच्या घराण्यात असलं काही नाही." गेल्या आठवड्यात नव्या केंद्रात गेलो, तर समुपदेशक बाईंनी आमची फाइल उघडण्याआधीच तीन सायकलचे, म्हणजे उपचाराच्या तीन फेऱ्यांचे, पॅकेज पुढे सरकवले आणि आजच आगाऊ भरल्यास सवलत मिळेल असे सांगितले. यांचा अहवाल नको का, असे मी विचारले, तर उत्तर आले, "सरांचं नंतर बघू, आधी मॅडमचं सुरू करू."

मी पैसे न भरता उठले आणि दुसऱ्या दिवशी यांना प्रयोगशाळेत पाठवले. शुक्राणूंची संख्या कमी निघाली. चौदा महिन्यांपूर्वी कळले असते!

अपत्यहीन जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत कारण पुरुषाकडे, पूर्णतः किंवा अंशतः, असते. हे डॉक्टरांना ठाऊक आहे. तरीही बाईलाच टेबलावर झोपवून दर महिन्याला बिल करणाऱ्यांना लाज वाटायला हवी. एक वर्ष प्रयत्न करून, आणि बाई पस्तिशीपुढची असेल तर सहा महिन्यांत, दिवस राहिले नाहीत तर दोघांचीही तपासणी एकदमच करा. पैसे भरण्याआधी माझ्या वयाच्या किती स्त्रियांना प्रत्यक्ष मूल झाले ते विचारा, आणि उत्तर देता येत नसेल तर उठून या. नवरे लोकहो, एक डबी भरून द्यायला तुमचा कसला अपमान होतो? आणि सासूबाई, सुनेला सिद्धेश्वराला नवस बोलायला नेण्याआधी मुलाला प्रयोगशाळेत पाठवा.