‘घाबरवता’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

नव्या स्टँड मिक्सरवर (ओट्यावर ठेवून पीठ मळायचं, बॅटर फेटायचं मशीन) सुरुवात कशी करावी, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. लगेच उत्तर दिलं असतं तर शब्द जास्त झाले असते, म्हणून थांबले.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. पहिल्याच दिवशी ब्रेडचं पीठ घेऊ नका, आधी केकचं बॅटर करा, आणि पीठ मळताना दुसऱ्या वेगाच्या वर जाऊ नका, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिता: ‘हजार वॅटचं मशीन घेऊन दोनवरच चालवायचं तर हातानेच मळावं. तुम्ही स्वतः मशीनला घाबरता आणि नवख्यांनाही घाबरवता.’ पुढे वेगाचे आकडे, थोड्या मापाचं मिश्रण, अटॅचमेंट धुणं आणि लेखाची लांबी यांवरही तुमचे आक्षेप आहेत.

आकड्यांचं आधी मान्य करते. प्रत्येक मशीनवर आकडे वेगळे असतात. एकाचा दोन दुसऱ्याच्या दोनशी जुळेलच असं नाही. सोबत आलेली पुस्तिका सांगेल तोच वेग धरावा, हे तुमचं म्हणणं रास्त आहे.

आता ‘घाबरता’बद्दल. हे वाक्य तुम्ही कशाच्या आधारावर लिहिलंत? मी कित्येक वर्षं ब्रेडचं पीठ हातानेच मळत होते. मनगटं दुखायला लागली तेव्हा मशीन घेतलं. त्यानंतर माझ्याकडे शिकायला आलेल्या अनेकांच्या नव्या मशीनवरचं पहिलं पीठ मी शेजारी उभी राहून करून घेतलंय. घट्ट पीठ, वरचा वेग आणि मशीन चालू ठेवून दुसऱ्या खोलीत गेलेला माणूस, या तिन्हींची गाठ पडली की काय होतं ते मला माहीत आहे. एका मुलीचं नवं कोरं मशीन असंच हलत हलत ओट्याच्या कडेला आलं आणि खाली पडलं. तिचा रडवेला चेहरा मी पाहिलाय. त्या अनुभवातून आलेल्या सूचनेला तुम्ही भीती म्हणता, हे मला लागलं. मतभेद जरूर नोंदवा, पण माणसाच्या हिमतीवर शेरा मारण्याआधी त्याने काय केलंय ते विचारायला काय हरकत होती?

आणि वॅटचं म्हणाल, तर तो आकडा मशीन वीज किती घेतं ते सांगतो. त्यातला किती जोर डो हुकपर्यंत, म्हणजे पीठ मळायच्या आकड्यापर्यंत पोचतो हे मोटर, गियर आणि एकूण बांधणीवर ठरतं. कमी वॅटचं चांगल्या गियरचं मशीन घट्ट पीठ शांतपणे मळतं आणि हजार वॅटचं धापा टाकतं, हे मी एकाच ओट्यावर शेजारीशेजारी पाहिलंय. स्टँड मिक्सरचं भांडं सहसा स्थिर असतं. हुक स्वतःभोवती एका दिशेने फिरतो आणि त्याच वेळी भांड्यात उलट दिशेने फेरी मारतो. हॉबर्ट कंपनीने १९१९ साली किचनएडचं पहिलं घरगुती मशीन आणलं, त्यातही हीच रचना होती. बॅटर असेल तर बीटर, म्हणजे फेटायचं चपटं पातं, त्यातून सहज निघून जातो. पीठ मात्र गोळा होऊन हुकाला धरतं आणि भांड्याच्या भिंतीवर आपटत राहतं. वेग वाढवला की तो धक्का थेट गियरला आणि मशीनच्या वर उचलता येणाऱ्या डोक्याच्या खटक्याला बसतो. म्हणूनच किचनएडही यीस्टच्या पिठासाठी दोनच्या वर जाऊ नका असं सांगतं. ती कंपनीही घाबरते का?

मशीन बाजूला ठेवलं तरी पिठाचा प्रश्न उरतोच, आणि माझ्या लेखी तोच मोठा आहे. घर्षणाने पीठ तापतं. साध्या ब्रेडचं पीठ मळून झाल्यावर २४ ते २६ अंश सेल्सिअसला असावं. ते बरंच वर गेलं की यीस्ट घाई करतं, पीठ लवकर फुगतं आणि चव तयार व्हायला वेळच मिळत नाही. भरपूर बटर घातलेलं पीठ असेल तर बटर वितळून बाहेर येतं. शिवाय जोरात आणि फार वेळ मळलं की पिठात हवा जास्त मिसळते आणि पिठाचा मूळ पिवळसर रंग जातो. फ्रान्सचे ब्रेडतज्ज्ञ रेमों काल्वेल याच कारणासाठी अतिमळणीच्या विरोधात आयुष्यभर बोलले. ब्रेड पांढराशुभ्र होतो आणि बेचव लागतो, हे त्यांचं दुखणं होतं. पीठ आणि पाणी नुसतं कालवून विसावू द्यायची ऑटोलिझची पद्धत त्यांनीच रूढ केली. अर्धा तास तसं ठेवा, ग्लुटेन, म्हणजे पिठाला ताण देणारं प्रथिनांचं जाळं, आपोआप जुळायला लागतं आणि मशीनचं काम हलकं होतं. तुम्हाला वेळच वाचवायचा असेल तर तो इथे वाचतो, वेगाच्या बटणावर नाही.

केकचं बॅटर आधी का, तेही सांगते. त्यात मशीनवर ताण नसतो, आणि बीटर तळापर्यंत पोचतो की नाही ते लगेच कळतं. तळाशी बटरचा न फेटलेला थर राहिला तर बीटरची उंची ठरवणारा स्क्रू थोडा फिरवायचा. हे पिठात कळत नाही. तुम्ही हे सगळं ‘बालवाडी’ म्हणून उडवून लावलंत. नवखा माणूस बालवाडीतच असतो, आणि लेख त्याच्यासाठीच होता.

थोड्या मापाचं म्हणाल, तर एका अंड्याचा पांढरा भाग मोठ्या भांड्यात व्हिस्कला (तारांच्या फेटणीला) नीट लागत नाही, हाताने फेटा. धुण्याबद्दल पुस्तिकेत लिहिलेलं असतं. लेख लांब वाटला, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

एक मात्र करून बघा. स्वयंपाकाचा थर्मामीटर घ्या. एकच माप दोनदा मळा, एकदा दोनवर आणि एकदा तुमच्या आवडीच्या वेगावर. पाणी दोन्ही वेळा सारख्याच तापमानाचं घ्या, आणि मळून झाल्या झाल्या गोळ्याच्या मध्यभागी तापमान मोजा. दोन्ही आकडे इथे लिहा, मी त्यावर सविस्तर बोलेन. माझ्या धैर्याबद्दलची चर्चा मात्र माझ्याकडून इथे संपली.